गावचा निधी मोबाईलवर दिसतो, पण जाब विचारायचा ग्रामसभेतच! ‘ई-ग्रामस्वराज’वर काय पाहायचे, कुठे विचारायचे?

गावात नाली मंजूर झाली का, अंगणवाडीच्या दुरुस्तीचे बिल निघाले का, पाण्याच्या टाकीवर किती पैसे गेले, हे कळायला पूर्वी ग्रामपंचायतीच्या दप्तराशिवाय मार्ग नव्हता. आणि दप्तर पाहायला मिळणे म्हणजे साहेब भेटण्यापासून सुरुवात. आता यातली बरीच माहिती मोबाईलवर पाहता येते. तरीही बहुतेक गावांत ती कोणी उघडून पाहत नाही. पाहिली तरी पुढे काय करायचे, हे माहीत नसते. त्यासाठीच ही माहिती.

दाखला मिळणे वेगळे, हिशेब विचारणे वेगळे

ऑनलाइन कारभार म्हटले की आधी दाखले आठवतात. जन्म-मृत्यूची नोंद, विवाह नोंदणी, नमुना ८ चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला या ग्रामपंचायतीच्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येते. योग्य कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

ही झाली सेवा. गावाचा पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरवणे आणि झालेल्या खर्चाचा हिशेब मागणे, हा मतदाराचा दुसरा हक्क. ‘ई-ग्रामस्वराज’ त्या कामाला येते.

ई-ग्रामस्वराज म्हणजे काय?

केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाचे हे पोर्टल आणि ॲप २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायतराज दिनी सुरू झाले. आराखडा, कामाची प्रगती आणि जमाखर्च यांसाठी आधी वेगवेगळ्या संगणक प्रणाली होत्या, त्या इथे एकत्र आल्या. वित्त आयोगाच्या पैशाचे व्यवहार याच प्रणालीतून होतात.

१५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी दिलेल्या निधीत ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. बंधितपैकी निम्मा स्वच्छतेसाठी, निम्मा पिण्याचे पाणी व पावसाचे पाणी साठवण्यासाठी. अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण त्यातून पगार देता येत नाहीत. म्हणजे समजा ग्रामपंचायतीला १० लाख आले, तर ६ लाख पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च व्हायला हवेत. महाराष्ट्रात या निधीतला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, तर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के असे सूत्र होते.

मोबाईलवर कसे पाहायचे?

- ई-ग्रामस्वराज ॲप उघडून राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत निवडावी. नंतर आर्थिक वर्ष निवडावे.
- तिथे मुख्यतः तीन गोष्टी दिसतात: निवडून आलेले प्रतिनिधी, मंजूर कामे आणि आर्थिक प्रगती.
- मंजूर कामांत कामाचे नाव व अंदाजित रक्कम पाहावी. आर्थिक प्रगतीत किती आले आणि किती गेले ते पाहावे.
- वडगाव, पिंपळगाव अशी नावे प्रत्येक तालुक्यात सापडतात. त्यामुळे तालुका नीट तपासावा. गट ग्रामपंचायत असेल तर वाडीचे नाव शोधून सापडणार नाही, ग्रामपंचायतीच्या नावानेच शोधावे लागते.
- एकच वर्ष पाहून निष्कर्ष काढू नये. मागच्या वर्षी मंजूर झालेल्या कामाचे बिल पुढच्या वर्षी निघू शकते. दोन-तीन वर्षे शेजारी ठेवून पाहिली की एकच काम नाव बदलून पुन्हा आले आहे का, तेही कळते.

पोर्टल काय सांगत नाही?

पोर्टलवर ग्रामपंचायतीने भरलेलीच माहिती दिसते. बिल निघाल्याची नोंद असली म्हणजे नाली बांधली गेलीच, असे नाही. उलटही होते. काम झालेले असते, पण नोंद मागे राहते. म्हणून पोर्टलवर आकडा पाहिला की लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘घोटाळा’ म्हणून टाकू नये. आधी जागेवर जाऊन काम पाहावे. मग मोजमाप पुस्तिका म्हणजे ‘एमबी’, अंदाजपत्रक आणि पूर्णत्वाचा दाखला मागावा. कामाची लांबी-रुंदी एमबीत लिहिलेली असते. टेप लावला की खरे-खोटे समजते.

डोंगल कोणाच्या हातात?

या निधीचे पैसे काढताना ग्रामसेवक (नवे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच या दोघांची डिजिटल सही लागते. ही सही डोंगलमध्ये असते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार तिला कायदेशीर मान्यता आहे. राज्यात सरपंचपदे निम्मी महिलांसाठी राखीव आहेत. पण सरपंच ताई आणि डोंगल-पासवर्ड मात्र पतीकडे, दिराकडे किंवा ऑपरेटरकडे, असे चित्र दिसले तर ते धोक्याचे आहे. डोंगल दुसऱ्याला देणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देणे. उद्या चौकशी लागली तर नाव सरपंच ताईंचेच येणार. कोणते बिल, किती रकमेचे, काम झाले का, एवढे स्वतः पाहिल्याशिवाय डोंगल लावू देऊ नये.

ग्रामसभेत कसे विचारायचे?

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने (२४ एप्रिल १९९३ पासून लागू) ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरमसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट नसते. म्हणजे पहिल्या सभेला गाव आला नाही, तर दुसऱ्या सभेत मोजक्याच लोकांच्या हजेरीत गावाचा आराखडा मंजूर होऊ शकतो. पेसा क्षेत्रातील गावांचे नियम वेगळे आहेत.

आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा हिशेब, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवणे बंधनकारक आहे. प्रश्न विचारायला हीच सभा सगळ्यात सोयीची.

प्रश्न मोघम नको. ‘पैसे कुठे गेले?’ या प्रश्नाला ‘नियमाप्रमाणे खर्च झाले’ असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. त्याऐवजी कामाचे नाव, वर्ष, पोर्टलवरची रक्कम सांगून एमबी मागावी. प्रश्न लेखी देऊन पोच घ्यावी. प्रश्न आणि उत्तर दोन्ही प्रोसिडिंगमध्ये लिहून घेण्याचा आग्रह धरावा. तोंडी झालेल्या चर्चेला नंतर कोणी विचारत नाही.

ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या मतदारांना ॲपवरून माहिती पाहता येते, पण ग्रामसभेचे मत ॲपवरून देता येत नाही. त्यांनी पाहिलेली माहिती गावातल्या माणसांपर्यंत पोचवली, तर ती सभेत उपयोगी पडते.

उत्तर मिळाले नाही तर?

१. माहिती अधिकार कायदा २००५ खाली ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना माफ. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे.

२. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

३. कामातच गडबड दिसत असेल तर कागदपत्रांसह पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. तिथे दखल घेतली गेली नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जावे. प्रत्येक वेळी पोच घ्यावी. तक्रारीला पोर्टलवरच्या नोंदीचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि कामाच्या जागेचे फोटो जोडावेत.