घड्याळात दिसणारी शुगर खरी असते का? प्रकाश, मशीन लर्निंग आणि रक्तातली साखर

केनवडला माझ्या बाबांनी मागच्या दिवाळीत एक स्मार्टवॉच घेतलं. दुकानदार म्हणाला, हे शुगरपण दाखवतं. बाबा इन्सुलिनवर आहेत, त्यामुळे एकदम खूश. "आता बोट टोचाचं काम नाही!" आठ दिवसांनी संध्याकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. घड्याळात १०४. ग्लुकोमीटर काढून बोट टोचलं तर ५८! साखरपाणी पाजल्यावर ते सावरले. दुसऱ्या दिवशी मी तेच घड्याळ भरताच्या वांग्याला बांधलं. वांग्याची शुगर आली ९७.

मग प्रकाशाने शुगर मोजता येतच नाही का? तसं नाही, पण काम फार अवघड आहे. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर प्रकाशावरच चालतो. हिमोग्लोबिनला रंग असतो आणि ऑक्सिजन मिळाला की तो बदलतो, म्हणून एक लाल आणि एक इन्फ्रारेड असे दोन दिवे पुरतात. विरघळलेल्या साखरेला रंगच नसतो. ग्लुकोज प्रकाश शोषतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या निअर-इन्फ्रारेड पट्ट्यात, साधारण १६०० नॅनोमीटरच्या आसपास आणि २१०० ते २३०० च्या दरम्यान. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा नाडी मोजण्यासाठी असतो. ग्लुकोजशी त्याचं देणंघेणं नाही.

बरं, योग्य दिवा लावला तरी पुढे पाणी आडवं येतं. शुगर १०० म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये फक्त ०.१ ग्रॅम ग्लुकोज. बाकी बहुतेक पाणी, आणि तेही हाच प्रकाश जोरात शोषतं. त्वचा थोडी गार पडली, घाम आला, पट्टा सैल झाला, की सिग्नल ग्लुकोजमुळे हलतो त्यापेक्षा जास्त हलतो.

इथे मशीन लर्निंग आणतात. त्वचेतून कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत आला, याचे आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. ते आणि त्याच वेळी बोट टोचून घेतलेली खरी शुगर मॉडेलला द्यायची. संबंध ते शोधतं. पण कशाचा? समजा, एकाला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तास मोजत बसलो. शुगर चढते, मग उतरते. त्याच वेळात यंत्र तापतं, बोट घामेजतं. मॉडेल ही बाजूची चिन्हंच पाठ करतं आणि उत्तर मात्र बरोबर येतं! कॉपी करून पास झालेल्या पोरासारखं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या मार्क अर्नॉल्ड यांच्या गटाने हे दाखवून दिलं. ज्यांत ग्लुकोज अजिबात नव्हतं, अशा स्पेक्ट्रमवरूनही त्यांनी चांगली दिसणारी 'ग्लुकोज मॉडेल्स' बनवून दाखवली. म्हणून कुणी अचूकतेचा आकडा सांगितला की मी आधी बघतो, चाचणी नव्या माणसावर, नव्या दिवशी घेतली होती का?

खरी आशा मला वाटते ती रामन स्पेक्ट्रोस्कोपीत. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर ती चालते. लेझर मारला की प्रत्येक रेणू आपल्या ठशाने प्रकाश विखुरतो आणि त्यात पाण्याचा गोंधळ कमी असतो. २०२० मध्ये एमआयटी आणि सॅमसंगच्या संशोधकांनी जिवंत डुकरांच्या त्वचेतून ग्लुकोजचा हा ठसा थेट टिपला. पण ते प्रयोगशाळेतलं यंत्र होतं, मनगटावर मावणारं नव्हे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्पष्ट बजावलं की त्वचेला न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिन जास्त घेतलं गेलं तर शुगर धोकादायक खाली जाते. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं, कारण दुपारचा डोस बाबांनी घड्याळ बघून वाढवला होता.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. दंडावर चिकटवायच्या सीजीएम सेन्सरचा आकडा काही घड्याळांवर दिसतो, तो वेगळा. त्या सेन्सरची केसासारखी बारीक तार त्वचेखाली असते आणि मोजणी तीच करते, घड्याळ फक्त पडदा. तुमच्या घरी कुणाच्या घड्याळात शुगर दिसत असेल, तर आधी त्यांच्या दंडावर असा सेन्सर आहे का ते बघा. नसेल तर आजच वांगं आणा.