दगडावरचं नाव

आज्जी सांगायची, आपला मूळपुरुष शिरूरच्या पलटणीत होता, कोरेगावला पडला. म्हटलं, शोधूयाच! रविवारी बाईक काढली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण शिरूरहून निघाली, सकाळी भीमेकाठी पेशव्यांच्या फौजेसमोर उभी. पेरण्याच्या स्तंभावर कंपनीकडून पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक', म्हणजे महार शिपाई. पण आडनावाचा पत्ताच नाही... आमचं आडनाव दौंडकडच्या गावावरून, पणजोबांना शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं आहेत, जोडायला कॉमन कॉलमच नाही! आज्जीलाही मूळपुरुषाचं नाव ठाऊक नव्हतं. शेवटी बावीसच्या बावीस नावं वहीत उतरवून घेतली.