हरिभाऊंनी कुणाचं वाचलं होतं?

वाचकहो, रीडिंग आणि साहित्य म्हटलं की तुम्हाला ऑस्कर वाइल्ड आणि इथला तुरुंग आठवेल. मी आज रीडिंगच्याच दुसऱ्या एका माणसापासून सुरुवात करणार आहे. त्याचं नाव टॉमस नून टालफर्ड. जन्म इथलाच, 1795 सालचा. वकील, नाटककार आणि पुढे रीडिंगचा खासदार. लेखकाचा आपल्या लिखाणावर हक्क असावा म्हणून 1837 मध्ये त्याने पार्लमेंटात विधेयक आणलं. डिकन्सने 'पिकविक पेपर्स' अर्पण केली ती या टालफर्डला.

हा इतिहास मी यंदा उकरून काढला त्याला कारण माझी पंधरा वर्षांची नात. ती इंग्रजीत गोष्टी लिहिते. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत लिहीत होती. एका मैत्रिणीने तिला सांगितलं, तुझी गोष्ट अमुक पुस्तकासारखी आहे. ते पुस्तक हिने वाचलेलं होतं. झालं, वही बंद. "आजोबा, इट्स जस्ट कॉपीइंग." चाळीस वर्षं वर्गात मुलांना कॉपी करू नका म्हणून बजावणारा मी. तिला काय सांगणार?

मी तिला हरी नारायण आपट्यांबद्दल सांगितलं.

हरिभाऊंचा जन्म 1864 चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. शिक्षण मुंबई-पुण्याला. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर अशी माणसं शिकवायला. मुलगा विलक्षण वाचणारा, पण गणिताशी त्याचं कधी जमलं नाही. पदवी न घेताच कॉलेज सुटलं. (माझ्यासारख्या डॉक्टरेटवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) आगरकरांनी 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर केलं, तेव्हा विशीच्या आसपासच्या या शिष्याने त्यावर दीर्घ परीक्षण लिहून गुरुजींच्या चुका दाखवल्या. नुसतं वाचणं नव्हतं ते. दुसऱ्याचं वाक्य उलटसुलट करून पाहायची सवय होती.

आणि मग 1885 मध्ये, एकविसाव्या वर्षी, 'पुणे वैभव' पत्रात त्यांची पहिली कादंबरी येऊ लागली, 'मधली स्थिती'. ती स्वतंत्र नव्हती. जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्स या इंग्रज लेखकाच्या लंडनवरच्या एका कादंबरीच्या आधारे लिहिलेली होती. रेनल्ड्स आज इंग्लंडात फारसा कुणी वाचत नाही, पण त्या काळी हिंदुस्थानात त्याची पुस्तकं हातोहात खपत. खून, गुपितं, श्रीमंतांचे छंद. हरिभाऊंनी त्याचा सांगाडा घेतला आणि आत पुणं भरलं: जुनं सुटलेलं, नवं धड न पचलेलं, दारूच्या नादी लागलेले सुशिक्षित.

आता गंमत पाहा. हा रेनल्ड्स तरी कुठून आला? 'पिकविक' संपते न संपते तोच त्याने डिकन्सची पात्रं उचलली, त्यांना फ्रान्सला पाठवलं आणि 'पिकविक अब्रॉड' लिहून टाकली. म्हणजे ज्या पुस्तकावर लेखकाच्या हक्कासाठी झगडणाऱ्या टालफर्डचं नाव, तेच पुस्तक रेनल्ड्सने सर्रास वापरलं! डिकन्स चिडला असेल तर नवल नाही. पण तोही लहानपणी बापाच्या पुस्तकांत बसून स्मॉलेट, फील्डिंग, 'डॉन किहोटे', 'अरेबियन नाइट्स' यांची पारायणं केलेलाच. पिकविक आणि त्याचा नोकर सॅम वेलर यांच्याकडे पाहून किहोटे आणि सांचो आठवत नाहीत, असा वाचक विरळा.

नात म्हणाली, म्हणजे सगळेच चोर. तर तसंही नाही. रेनल्ड्सने माणसं उचलली, हरिभाऊंनी सांगाडा उचलला, आणि डिकन्सने काय घेतलं ते बोट ठेवून दाखवताही येत नाही. या तिन्हींत फरक आहे, आणि मला वाटतं तो कायद्यापेक्षा वाचनाच्या मुरण्याचा आहे. लोणचं घातल्या दिवशी आंबा वेगळा लागतो, मसाला वेगळा.

हरिभाऊंचं मुरायला पाचेक वर्षं लागली. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत स्वतः सांगते: माहेर, सासर, मुंबईतले नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेलं केशवपन. विधवांचं दुःख मराठीत नवं नव्हतं. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 चं. नवा होता तो आवाज. घरातल्या बाईचं बोलणं, तिच्याच मराठीत. तो रेनल्ड्समध्ये नव्हता. स्कॉट, डिकन्स, थॅकरे वाचून कादंबरीत माणूस कसा उभा करायचा हे कळलं असेल. यमू मात्र पुण्यातल्या माजघरातून आली. शिवाय काशीबाई कानिटकरांसारख्या स्नेही होत्या, लग्नानंतर वाचायला शिकून स्वतः लेखिका झालेल्या. त्यांच्याशी हरिभाऊंचा पत्रव्यवहार होता. पुरुषाने बाईचा आवाज लिहायचा तर नुसती पुस्तकं पुरत नाहीत, ऐकावंही लागतं.

पुढे 'उषःकाल'मध्ये स्कॉटची ऐतिहासिक कादंबरी शिवकालात आली. सामाजिक कादंबऱ्या चालूच होत्या. दिवसाचं काम आनंदाश्रमाचं, चुलत्यांनी उभ्या केलेल्या, संस्कृत पोथ्या जपणाऱ्या संस्थेचं. म्हणजे तिथेही पुस्तकंच. आयुष्याच्या अखेरीअखेरीस त्यांनी टागोरांची 'गीतांजली' मराठीत आणली. 1919 मध्ये ते गेले.

हे सगळं ऐकून नातीने विचारलं ते हरिभाऊंबद्दल नव्हतं. "पण यमूचं पुढे काय होतं?" तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही; तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असंच असेल. आपल्या मंडळाच्या कपाटात कादंबरीची एक जुनी प्रत होती, पाठीचा पुठ्ठा सुटलेली. ती मी घरी आणली आहे, समितीने नोंद घ्यावी. दर रविवारी जेवणानंतर मी एक प्रकरण वाचतो, अडलेला शब्द सांगतो, आणि कितीही हट्ट केला तरी पुढचं सांगत नाही. 'करमणूक'च्या वाचकांनाही थांबावं लागत होतंच. सहा रविवार झाले. यमू अजून माहेरीच आहे. गेल्या खेपेला नातीच्या मांडीवर वही होती. आत काय लिहिलंय ते मी विचारलेलं नाही.