राजपुत्र पुन्हा सपाट पडद्यावर

आज लढाई नाही, किल्ला नाही. आजचा इतिहास एका व्हिडिओ गेमचा आहे, आणि तो निघाला बंगळुरूच्या आमच्या घरातल्या वादातून. नातू म्हणतो, नव्या गेमला जुन्या वळणावर नेणं म्हणजे म्हाताऱ्यांचे लाड. आता म्हातारा मीच, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या युनिटच्या ऑफिसात एकच संगणक होता. हिशेबांसाठी आलेला. संध्याकाळी आम्ही दोघंतिघं अधिकारी त्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायचो. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानं तो ॲपल टू या संगणकासाठी बनवला. १९८९ मध्ये बाजारात आला. मेकनरनं आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. म्हणून तो माणसासारखा पळायचा. वेग घ्यायला वेळ, थांबायलाही वेळ. खड्ड्याच्या काठाशी शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं. राजकन्येला सोडवायला फक्त ६० मिनिटं, आणि तुम्ही मेलात तरी घड्याळ चालूच.

त्या यंत्राची मेमरी इतकी तुटपुंजी, की नव्या शत्रूच्या चित्रांना जागाच उरली नव्हती. मेकनरनं राजपुत्राचीच चित्रं वापरून त्याची सावली तयार केली. ती आरशातून बाहेर पडते, तुमच्या वाटेत आडवी येते. शेवटी तिच्यावर वार केलात तर जखम तुम्हालाच होते. तलवार म्यान करावी लागते. हे कळायला आम्हाला बऱ्याच संध्याकाळी लागल्या! चणचणीतून निघालेली ही युक्ती मला आजही त्या गेममधली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

१९९९ मध्ये राजपुत्र त्रिमितीत आला, पण जमला नाही. २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओनं 'द सँड्स ऑफ टाइम' आणला. त्यात चूक झाली की काळ मागे फिरवता येतो. ऐकून मी नाक मुरडलं होतं. चूक पुसता येत असेल तर कसली शिस्त? पण ती वाळू मोजकी होती. उधळलीत तर ऐन उडीच्या वेळी हात रिकामे. म्हणजे दिसायला सगळं बदललं, चुकीची किंमत मात्र राहिली. माझ्या मते या मालिकेची परंपरा तीच. पडदा सपाट की खोल, हा नंतरचा प्रश्न.

राजपुत्राच्याच एका नव्या गेमच्या तयारीतून पुढे 'असॅसिन्स क्रीड' जन्मला, २००७ मध्ये, आणि घर त्यानंच व्यापलं. सप्टेंबर २०२० मध्ये 'सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती जाहीर झाली. काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे! छाती फुगली. पण झलक पाहून लोकांनी चित्रांवर टीका केली, तारखा ढकलल्या गेल्या आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. पुण्या-मुंबईच्या मुलांना नावं ठेवणं सोपं आहे. पण जुना गेम पडद्यावर होता त्यापेक्षा लोकांच्या आठवणीत कितीतरी देखणा असतो, आणि तुलना त्या आठवणीशी होते.

जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए स्टुडिओनं 'द लॉस्ट क्राउन' आणला. पुन्हा बाजूनं दिसणारा गेम. समीक्षकांनी वाखाणला. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी तो बनवणारा चमू पांगवला गेला.

"बघा आजोबा, जुनं विकलं जात नाही," नातू म्हणाला.

या मुद्द्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. त्या कारागिरांची घरं विक्रीवरच चालतात. पण 'लॉस्ट क्राउन'मध्ये खड्ड्यात पडलात तर थोडी शक्ती जाते आणि तुम्ही जवळच पुन्हा उभे राहता. वळण जुनं घेतलं, किंमत मात्र स्वस्त केली. तेव्हा पूर्ण जुनं विकून पाहिलं, असं मी तरी मानत नाही.

मग त्याला मूळचा गेम लावून दिला. पहिल्या संध्याकाळी तो अकरा वेळा सुळ्यांवर पडला आणि घड्याळावर चिडला. दुसऱ्या संध्याकाळी मी पेपर वाचत होतो. बराच वेळ आवाज नाही म्हणून मान वर केली, तर राजपुत्र खड्ड्याच्या काठावर उभा, आणि नातवाचं बोट शिफ्टवर.