औष्णिक रोधाच्या गणिताची पडताळणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

उष्णता संक्रमणाच्या अभियांत्रिकीत औष्णिक रोध ही संकल्पना अत्यंत सोयीची ठरली आहे. तापमानातील फरकाला एकूण रोधाने भागले की उष्णतेचा प्रवाह मिळतो. मात्र मिळालेले उत्तर विश्वसनीय आहे किंवा नाही, हा प्रश्न या संकल्पनेइतकाच जुना आहे. प्रस्तुत लेखात त्या पडताळणीच्या इतिहासातील काही महत्त्वाच्या टप्प्यांचा परामर्श घेतला आहे.

फूरिए आणि मितींची कसोटी

जोसेफ फूरिए यांनी १८०७ मध्ये पॅरिस येथे सादर केलेला उष्णतावहनावरील प्रबंध लाग्रांजसारख्या गणितज्ञांच्या आक्षेपांमुळे अप्रकाशित राहिला. त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी पदार्थाच्या अंतर्भागातील वहन आणि पृष्ठभागावरून होणारे संक्रमण यांसाठी दोन भिन्न सहगुणक योजले. समीकरणातील प्रत्येक पदाची मिती समान असली पाहिजे, हा दंडकही त्यांनी घालून दिला. या दोन सहगुणकांची गल्लत मितींवरूनच उघड होते. १८२७ मध्ये गेओर्ग ओहम यांनी फूरिए यांच्या विचाराचा आधार घेऊन विद्युत्प्रवाहाचा सिद्धांत मांडला. पुढे विद्युत्मंडलातील रोधांची बेरीज करण्याची रीत उष्णतेच्या गणितात रूढ झाली.

बेरजेची कसोटी व तिची मर्यादा

उदाहरणार्थ, ०.२० मीटर जाडीच्या व ०.७ संवाहकतेच्या विटांच्या भिंतीचा रोध प्रतिचौरस मीटर ०.२८६ येतो. आतील व बाहेरील पृष्ठभागांचे सहगुणक अनुक्रमे ८ व २५ मानल्यास त्यांचे रोध ०.१२५ व ०.०४० होतात. एकूण रोध ०.४५१ आणि तापमानातील फरक २० अंश असल्यास प्रवाह सुमारे ४४.४ वॅट येतो. आतून बाहेर जाताना होणारी तापमानाची घट ५.५, १२.७ व १.८ अंश असून तिची बेरीज बरोबर २० आहे. परंतु भिंतीतील हवेची पोकळी हिशेबातून वगळली, तरीही ही बेरीज तितकीच चोख जुळते. म्हणजेच या कसोटीने आकडेमोडीतील चूक सापडते. गृहीतकातील चूक सापडत नाही.

गृहीतकाची कसोटी : केल्विन व पेरी

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पृथ्वीच्या वयाचे आहे. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्विन, यांनी १८६२ मध्ये फूरिए यांच्या समीकरणावरून हे वय सुमारे ९ कोटी ८० लाख वर्षे काढले आणि अनिश्चितता लक्षात घेऊन २ कोटी ते ४० कोटी वर्षे अशी मर्यादा सांगितली. गणित निर्दोष होते. तथापि संपूर्ण पृथ्वीची संवाहकता एकसारखी आहे, हे त्यातील गृहीतक होते. केल्विन यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये त्यावर बोट ठेवले. अंतर्भाग अधिक संवाहक असेल, तर प्रमुख रोध पातळ कवचाचाच राहतो. आतून उष्णता येत राहते आणि पृष्ठभागालगतचा तापमानाचा उतार फार दीर्घकाळ टिकतो. साहजिकच पृथ्वीचे वय कित्येक पटींनी वाढते. आज ते सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. किरणोत्सर्गाच्या शोधाला या दुरुस्तीचे श्रेय बहुधा दिले जाते. परंतु पेरी यांचा आक्षेप त्या शोधापूर्वीचा आहे.

निष्कर्ष

मिती, बेरीज आणि गृहीतक अशा तीन पातळ्यांवर पडताळणी आवश्यक ठरते. पहिल्या दोन कसोट्या कागदावर पूर्ण होतात. तिसरीसाठी प्रत्यक्ष वस्तूकडे पाहावे लागते. अध्यापनात पहिल्या दोहोंवर भर दिला जातो. तिसरीकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे केल्विन-पेरी वादावरून स्पष्ट होते.