बंगळूरची पंगत

गणेशोत्सव जवळ आला की पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-नागपूरहून पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "काय काय बघायचं?" हा पहिला प्रश्न आणि "खायचं कुठं?" हा लगेच दुसरा. पहिल्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मला जास्त आवडते. कारण आपल्या या शहराचा इतिहास जेवढा किल्ल्यात आहे, तेवढाच तो जुन्या हॉटेलांच्या पाट्यांवर आहे.

या पाट्यांवर दोन शब्द पुन्हा पुन्हा दिसतात : 'ब्राह्मिन्स' आणि 'मिलिटरी'. नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. पण शंभर वर्षांपूर्वी घराबाहेर परक्याच्या हातचे खाणे ही साधी गोष्ट नव्हती. कोणी रांधले आणि काय रांधले, हे आधी कळावे लागे. त्यासाठीच या पाट्या होत्या.

यातली पहिली गोष्ट सुरू होते १८९८ च्या प्लेगपासून. दाट वस्तीच्या पेठेत साथ पसरली आणि त्यानंतर बसवनगुडी व मल्लेश्वरम ही मोकळी, आखीव उपनगरे वसली. नोकरदार आणि विद्यार्थी तिथे राहू लागले. त्यांच्या पोटापाण्याची सोय केली ती उडुपीकडून आलेल्या आचाऱ्यांनी. १९२४ साली मय्या बंधूंनी लालबागजवळ 'ब्राह्मिन कॉफी क्लब' काढला. तोच पुढे 'मावळ्ळी टिफिन रूम्स', म्हणजे सर्वांचे एमटीआर झाला. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली, तेव्हा रव्याची इडली आपल्याच स्वयंपाकघरात जन्मली, असे एमटीआरवाले सांगतात. आणीबाणीत सरकारने पदार्थांचे दर बांधून दिले. त्या दरात पूर्वीचा दर्जा राखणे अशक्य झाले, तेव्हा मालकांनी दर्जा कमी केला नाही, हॉटेलच बंद ठेवले आणि तयार पिठे व मसाले विकायला घेतले. आज आपल्या घरोघरी दिसणारी ती पाकिटे या हट्टातून आली आहेत.

बसवनगुडीत गांधी बाजारातले 'विद्यार्थी भवन' १९४३ चे. नावाप्रमाणे ते सुरुवातीला आसपासच्या विद्यार्थ्यांसाठी होते. मसाला डोसा खायचा तर इथे, मात्र रांगेत उभे राहण्याची तयारी हवी. जवळच दोड्ड गणपतीचे देऊळ आहे. एकाच दगडातली ती भव्य मूर्ती कधी कधी लोण्याने पूर्ण लिंपतात. कन्नडमध्ये लोण्याला 'बेण्णे' म्हणतात. बाप्पांच्या अंगावरचे बेण्णे पाहावे आणि मग तव्यावरचा बेण्णे डोसा खावा, असा माझा पाहुण्यांना आग्रह असतो! शंकरपुरममधले 'ब्राह्मिन्स कॉफी बार' १९६५ चे. तिथे इडली-वड्याबरोबर सांबार मिळत नाही, फक्त चटणी. ती एकदा चाखली की सांबाराची आठवण कोणी काढत नाही.

मल्लेश्वरममध्ये काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या १६६९ च्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांचा उल्लेख आहे. दर्शन घेऊन तसेच पुढे चालत गेले की 'सीटीआर' लागते. पाटीवर आता 'श्री सागर' असले तरी लोक जुनेच नाव घेतात.

व्यंकोजींचे नाव निघाले, म्हणून दुसऱ्या पाटीकडे वळतो. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. १६८७ मध्ये मोगलांनी घेईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे शहर भोसल्यांकडे होते. त्या काळापासून आणि पुढेही अनेक मराठा कुटुंबे या मुलखात स्थायिक झाली. 'मिलिटरी हॉटेल' चालवणाऱ्यांत अशी मराठा घराणी ठळकपणे दिसतात. कॉटनपेठेतले एस. जी. राव यांचे हॉटेल १९०८ चे. जयनगरच्या हॉटेलाचे तर नावच 'शिवाजी मिलिटरी हॉटेल'. 'मिलिटरी' का, याची दोन कारणे सांगतात. कोणी म्हणतात, मांसाहार करणाऱ्या शिपायांसाठी ही हॉटेले निघाली. कोणी म्हणतात, शाकाहारी हॉटेलांहून वेगळेपण कळावे म्हणून. इथली बिर्याणी 'दोन्ने'त, म्हणजे आपल्या द्रोणात, वाढतात. भात आखूड दाण्याचा, रंग पुदिना-कोथिंबिरीचा हिरवट. सोबत मटण चॉप्स आणि नाचणीचे मुद्दे. मालक घरी दख्खनी वळणाचे मराठी बोलतात आणि गिऱ्हाइकाशी अस्खलित कन्नड!

वाचकहो, हे मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्यापैकी बरेच जण नोकरीनिमित्त इथे आलो आणि स्वतःला पाहुणेच समजत राहिलो. पण या शहराच्या पंगतीत मराठी माणूस नुसता जेवायला बसलेला नाही. पिढ्यान् पिढ्या तो वाढायलाही उभा आहे. उडुपीचा आचारी जसा बाहेरून येऊन इथला झाला, तसाच तोही. ज्या पाट्या एकेकाळी माणसे वेगळी बसवण्यासाठी लागल्या, त्यांच्याखाली आज कोणीही कोणाच्या शेजारी बसतो. एक कॉफी दोघांत, म्हणजे 'बाय-टू', मागताना समोरच्याची जात कोणी विचारत नाही.

मात्र ही पाने एकेक करून गळत आहेत. एम. जी. रोडवरचे इंडिया कॉफी हाऊस २००९ मध्ये तिथून हलले आणि चर्च स्ट्रीटवर गेले. मल्लेश्वरममधले १९५४ पासूनचे 'न्यू कृष्ण भवन' डिसेंबर २०२३ मध्ये कायमचे बंद झाले. जागेचे भाव आणि पुढच्या पिढीचे वेगळे व्यवसाय यांपुढे जुनी चूल टिकणे कठीण असते.

म्हणून यंदा पाहुणे आले की त्यांना नुसते मॉलमध्ये नेऊ नका. मेट्रोच्या ग्रीन लाईनने लालबाग, नॅशनल कॉलेज, चिकपेट, संपिगे रोड अशी स्थानके घेतली की ही बरीचशी ठिकाणे आटोक्यात येतात. सकाळी लवकर निघा आणि मुलांना बरोबर घ्या. इडलीबरोबर ही गोष्टही त्यांच्या पानात वाढा. मोदक तर घरी आहेतच!

गणपती बाप्पा मोरया!