मायकोरायझा आणि स्फुरद

मायकोरायझा म्हणजे पिकाच्या मुळांत वस्ती करून जमिनीतले स्फुरद आणून देणारी बुरशी. 'बुरशी' आणि 'मूळ' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांनी 1885 मध्ये हे नाव दिले. शेतकरी शेतीतल्या मायकोरायझाला 'व्हॅम' म्हणून ओळखतात.

स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही. काळ्या चुनखडीच्या रानात ते कॅल्शियमला चिकटते, तर कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमला. मूळ आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करते आणि पलीकडे सुपर फॉस्फेट पडून असले तरी उपाशी राहते. बुरशीचे तंतू हा पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढे जातात आणि आणलेल्या स्फुरदाच्या बदल्यात पिकाकडून साखर व मेद घेतात. केशमुळे विरळ असलेल्या कांद्याला हा सौदा विशेष मानवतो. कोबी, मोहरी, पालक, बीट मात्र या बुरशीला थारा देत नाहीत. त्यांच्यासाठी व्हॅमचा पुडा घेणे म्हणजे पैसे मातीत.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्स भागातही काळी भारी जमीन आहे. तिथे वर्षाहून जास्त काळ पडीक ठेवलेल्या शेतात ओल भरपूर साठे, पण पुढचे पीक खुरटे. जे. पी. थॉम्प्सन यांनी 1987 मध्ये सूर्यफुलावरील अभ्यासातून कारण दाखवले: यजमान मुळांशिवाय बुरशी घटली होती, म्हणून पिकाला स्फुरद कमी पडत होते.

ही बुरशी म्हणजे खत नव्हे. ती जमिनीत स्फुरदाची भर घालत नाही, असलेले पोचवते. पीएसबी जिवाणूंचे काम वेगळे: ते आम्ले सोडून बांधलेले स्फुरद विरघळवतात. स्फुरद फार तुटपुंजे असेल तर पोचवायलाच काही उरत नाही. उलट डीएपीचा मारा झाला की पीक बुरशीला पोसणे आटोपते घेते आणि मुळांतली वस्ती विरळ होते. त्यामुळे माती परीक्षणानुसार बेताचे खत आणि जोडीला बुरशी, हीच जुळणी चालते. शेतात आधीच भरपूर बुरशी असेल, तर बाहेरून दिलेलीचा फरक क्वचितच दिसतो.

जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही. म्हणून तिचे उत्पादन ज्वारी-मक्याच्या मुळांवर किंवा प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांवर होते. ती बियाण्याजवळ किंवा रोपाच्या मुळाशी पडायला हवी. कार्बेन्डाझिमसारख्या आंतरप्रवाही बुरशीनाशकासोबत दिल्यास ती दगावू शकते.